हा न्यायाधीश कुणी नेमला?

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांची एक सवय मला बरेच दिवस कळत नव्हती. कोर्टाचा काही महत्त्वाचा निकाल लागला की न्यायाधीशाच्या नावापाठोपाठ ते लिहितात, यांना अमुक राष्ट्राध्यक्षांनी नेमलं होतं. हे क्लिंटनचे, या बुशच्या, हे ओबामांचे. आपल्याकडे निकालाच्या बातमीत खंडपीठाचं नाव येतं, न्यायमूर्तींचं येतं, फार तर ते मूळचे आपल्या तालुक्यातले असले तर स्थानिक पेपर तेवढं कौतुकाने छापतो. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर सही कुणाची, हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही. तिथे मात्र सुनेचं माहेर सांगावं तसं ते आधी सांगून टाकतात. म्हणजे पुढे ती काय बोलेल याचा ऐकणाऱ्याला अंदाज यावा!

२०१८ मध्ये तिथले सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जाहीर सांगितलं होतं की आमच्याकडे ओबामांचे न्यायाधीश, ट्रम्पचे न्यायाधीश असा प्रकार नाही. सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

या विषयात मला ओढलं ते माझ्या नातीने. लेक बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. नात आता अकरावीत. एके दिवशी फोनवर ती तावातावाने म्हणाली, "आजी, गिन्सबर्गने २०१३ मध्येच रिटायर व्हायला हवं होतं. शी वॉज सेल्फिश." रूथ बेडर गिन्सबर्ग म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या त्या छोट्याशा, चष्मा लावणाऱ्या, गळ्यात लेसची कॉलर घालणाऱ्या बाई. नात आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्या चित्राचा कप तिच्या टेबलावर होता. आणि आता एकदम स्वार्थी? मी आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागे शेपटीसारखं जोडलेलं, मार्चमध्ये घाईघाईने उरकायचं. पण मी ते कधी उरकलं नाही, त्यामुळे हे प्रकरण मुळापासून बघायचं ठरवलं. इंग्रजी वाचताना शब्दकोश शेजारी लागतो, पण हल्ली वेळ भरपूर आहे.

तर मुळापासून. अमेरिकेच्या राज्यघटनेत याबद्दल अगदी मोजकी वाक्यं आहेत. संघराज्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांनी सुचवायचे, सिनेटने संमती द्यायची. वर्तन चांगलं असेपर्यंत ते पदावर राहतील आणि त्यांचा पगार कमी करता येणार नाही. बस्स. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही, कायद्याची पदवी हवी असंही कुठे लिहिलेलं नाही. आमच्या शाळेत शिपाई नेमायचा तर याहून जास्त कागद लागायचे. आणि निवृत्तीचं वय? तेही नाही. सर्वोच्च न्यायालयात नऊ आणि खालच्या संघीय न्यायालयांत मिळून साडेआठशेहून जास्त माणसं या अटींवर, म्हणजे जवळजवळ तहहयात, नेमली जातात. महाभियोगाने काढता येतं, पण सर्वोच्च न्यायालयातल्या एकालाही आजवर असं काढलं गेलेलं नाही. सॅम्युएल चेस नावाच्या न्यायाधीशावर प्रयत्न झाला, तो १८०५ साली सुटला.

पहिली मोठी गंमत १८०१ ची. जॉन ॲडम्स निवडणूक हरले होते आणि ४ मार्चला जेफर्सन शपथ घेणार होते. जाणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारीत कायदा करून सोळा नवीन न्यायाधीशांच्या जागा निर्माण केल्या आणि ॲडम्स शेवटपर्यंत नेमणुकांवर सह्या करत राहिले. लोकांनी या न्यायाधीशांना नाव ठेवलं, मध्यरात्रीचे न्यायाधीश. त्याच धांदलीत वॉशिंग्टन शहरासाठी काही किरकोळ दंडाधिकारीही नेमले गेले. त्यांच्या नेमणूकपत्रांवर शिक्का मारून ती पोचवायची जबाबदारी होती परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांच्यावर. शिक्के बसले, पण काही पत्रं टेबलावरच राहिली. जेफर्सन आले आणि म्हणाले, राहिली ती राहिली, द्यायची नाहीत. विल्यम मार्बरी नावाच्या एका गृहस्थाचं पत्र त्यात होतं. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि तिथे सरन्यायाधीश कोण? तेच जॉन मार्शल! ॲडम्सनी जाता जाता त्यांनाच त्या जागेवर बसवलं होतं. हजेरीपट घरी विसरणाऱ्या मास्तरालाच चौकशी समितीचा अध्यक्ष करावा, तसा प्रकार.

मार्शल यांनी १८०३ मध्ये निकाल दिला तो मात्र अस्सल डोकेबाज. मार्बरीचा नेमणुकीवर हक्क आहे, म्हणाले. पण ज्या कायद्याच्या आधाराने तो थेट आमच्याकडे आला, त्या कायद्याचं ते कलमच घटनेशी विसंगत आहे, म्हणून आम्ही त्याला पत्र मिळवून देऊ शकत नाही. मार्बरीला जागा मिळाली नाही ती नाहीच. जेफर्सन यांना खटला जिंकल्यासारखं वाटावं, आणि संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार मात्र न्यायालयाच्या पदरात पडावा. आज जगभर न्यायालयं जी ताकद वापरतात, तिचा पहिला मोठा दाखला एका टेबलावर राहून गेलेल्या पत्रातून आला. हे मी वर्गात सांगितलं असतं तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी झाली असती. आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आता यातली खरी मेख बघा. निवृत्तीचं वय नाही म्हणजे जागा रिकामी होणार ती कुणी मेलं तर किंवा कुणी आपणहून उठलं तर. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला किती न्यायाधीश नेमायला मिळतील हे त्याच्या कर्तबगारीवर नसून दुसऱ्यांच्या प्रकृतीवर अवलंबून. टॅफ्ट यांना एकाच कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयाच्या सहा नेमणुका मिळाल्या. जिमी कार्टर चार वर्षं बसले, त्यांना एकही नाही. (खालच्या न्यायालयांत मात्र त्यांनी अडीचशेहून जास्त नेमले, आणि बायका व कृष्णवर्णीय त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी मिळून नेमले नव्हते इतके. गिन्सबर्गबाईंना पहिल्यांदा न्यायाधीश केलं ते कार्टर यांनी, १९८० मध्ये.)

टॅफ्ट यांची तर कादंबरी होईल. या भल्या जाडजूड माणसाला राष्ट्राध्यक्षपदापेक्षा सरन्यायाधीशपदाची हौस होती. १९१० मध्ये ती जागा रिकामी झाली, पण स्वतःला कसं नेमणार? समोर दोन नावं होती. ह्यूज, वय ४८. एडवर्ड व्हाइट, वय ६५. टॅफ्टनी पासष्टीच्या व्हाइट यांना बसवलं. मनात काय होतं ते तेच जाणोत, पण हिशेब कुणालाही करता येईल. व्हाइट १९२१ मध्ये वारले, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सरन्यायाधीश नेमले ते टॅफ्ट. दोन्ही खुर्च्यांवर बसलेला तो एकमेव माणूस. आणि १९३० मध्ये टॅफ्ट उठले तेव्हा त्या जागी कोण आलं? ज्यांना वीस वर्षं आधी वगळलं ते ह्यूज!

याच ह्यूज यांच्या वेळी फ्रँकलिन रूझवेल्टनी तो प्रसिद्ध घाट घातला. मंदीच्या काळातले त्यांचे कायदे न्यायालय एकामागून एक उडवत होतं आणि पहिल्या चार वर्षांत त्यांना एकही जागा भरायला मिळाली नव्हती. १९३७ च्या फेब्रुवारीत ते म्हणाले, सत्तरी ओलांडूनही जो न्यायाधीश जात नाही त्याच्यामागे एक नवा न्यायाधीश नेमायची मला परवानगी द्या, जास्तीत जास्त सहा. कारण काय, तर म्हाताऱ्यांना काम झेपत नाही. मी पंच्याहत्तरीला आले आहे. हे वाचून मला राग आला, आणि मला आला तर ऐंशी वर्षांच्या ब्रँडाइस यांना किती आला असेल? तेच तर तिथले सगळ्यात वयस्कर आणि विचाराने रूझवेल्टना जवळचे होते. सरन्यायाधीश ह्यूज यांनी सिनेटर व्हीलर यांना पत्र लिहून शांतपणे कळवलं की आमचं काम वेळेवर चाललेलं आहे, काही तुंबलेलं नाही. रूझवेल्ट यांच्याच पक्षाच्या लोकांनी तो बेत जुलैत बुडवला. पुढे एकेक जागा रिकामी होत गेली, आणि १९४३ पर्यंत रूझवेल्टनी आठ नवे न्यायाधीश नेमले ते सरळ मार्गाने.

आपल्याकडे घटना लिहिली जात असताना ही सगळी उदाहरणं समोर होती. डॉ. आंबेडकर स्वतः कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. २४ मे १९४९ ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना त्यांनी इंग्लंड आणि अमेरिका दोन्ही पद्धती मांडून दोन्ही नाकारल्या. नुसत्या सरकारच्या हाती सोपवणं आपल्या परिस्थितीत धोक्याचं, आणि प्रत्येक नेमणूक संसदेपुढे नेणं किचकट, शिवाय त्यात राजकीय दबावाची शक्यता. म्हणून मधला मार्ग, सल्लामसलतीचा. सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार द्यावा, ही सूचनाही त्यांना पटली नाही. सरन्यायाधीश झाला तरी माणूसच, असं त्यांचं म्हणणं. आणि आपल्याकडे वयाची मर्यादा ठेवली, सर्वोच्च न्यायालयात ६५. मधल्या मार्गाचंही पुढे काय झालं ते आपण पाहिलं. एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यावर जी भांडणं झाली ती अजून आठवतात, कारण सेवाज्येष्ठता यादी हा आमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय! असो. तो वेगळा लेख होईल.

पुन्हा अमेरिकेत. विल्यम डग्लस यांना रूझवेल्टनी १९३९ मध्ये नेमलं, वय अवघं चाळीस. छत्तीस वर्षं बसले, हा तिथला विक्रम आहे. १९७४ च्या शेवटच्या दिवशी त्यांना पक्षाघात झाला. खुर्चीवरून ते उठेनात. शेवटी सहकाऱ्यांनी आपसात ठरवलं की जो खटला डग्लस यांच्या एका मतावर तरणार किंवा बुडणार असेल, त्याचा निकाल द्यायचाच नाही. इतक्या मोठ्या माणसाचं मत असं गुपचूप बाजूला काढून ठेवलं गेलं. पुन्हा राष्ट्राध्यक्ष कोण, तर जेराल्ड फोर्ड, ज्यांनी १९७० मध्ये याच डग्लसना महाभियोगाने काढायची खटपट केली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये डग्लस गेले ते आपली जागा फोर्ड यांच्या हाती देऊनच. आणि थर्गुड मार्शल, शाळांमधला वर्णभेद मोडणारा १९५४ चा खटला ज्यांनी लढवला आणि जे सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, ते थकून १९९१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी थोरल्या बुश यांनी नेमले क्लॅरेन्स थॉमस, विचाराने अगदी दुसऱ्या टोकाचे. मार्शल वारले २४ जानेवारी १९९३ ला. डेमोक्रॅट क्लिंटन यांनी शपथ घेतली होती त्याच महिन्याच्या २० तारखेला. चार दिवस!

हे सगळं वाचत वाचत मी सँड्रा डे ओ'कॉनर यांच्यापाशी आले आणि तिथेच अडकले.

१९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी घेतलेली, वर्गात वरच्या नंबरातली ही मुलगी. वकिलांच्या एका कचेरीने तिला नोकरी देऊ केली ती सेक्रेटरीची. १९८१ मध्ये रेगन यांनी तिला सर्वोच्च न्यायालयात नेमलं, पहिली बाई. सिनेटमध्ये ९९ विरुद्ध शून्य. नऊ जणांत बऱ्याचदा मधलं मत तिचं असे, निकाल इकडे की तिकडे ते ती ठरवी. नवऱ्याला अल्झायमर झाला. घरी एकटं ठेवता येईना म्हणून ती त्याला आपल्याबरोबर कचेरीत आणून बसवायची. २००५ च्या जुलैत तिने निवृत्ती जाहीर केली, त्याची काळजी घ्यायला म्हणून. पंच्याहत्तर वर्षांची होती, पण डोकं लख्ख. तिची जागा भरली जाईपर्यंत जानेवारी २००६ उजाडलं, आणि तोवर नवऱ्याचा आजार इतका पुढे गेला की फार दिवस घरी ठेवणं शक्य झालं नाही. तो संस्थेत राहायला गेला आणि तिथे दुसऱ्याच एका रुग्णबाईत रमला. दोघं हातात हात घेऊन बसत. आई ते बघून दुखावत नाही, तो आनंदात आहे म्हणून तिला बरंच वाटतं, असं त्यांच्या मुलाने २००७ मध्ये सांगितलं. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसले.

घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. २००४ मध्ये यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझी पाच वर्षं शिल्लक होती, आणि ज्येष्ठता यादीप्रमाणे मुख्याध्यापिकेची खुर्ची दोन वर्षांवर होती. शाळेत मी एक वाचनाचा तास सुरू केला होता, आठवड्यातून एकदा, पाचवी ते दहावी, परीक्षा नाही, गुण नाहीत, नुसतं वाचायचं. माझ्या जागी ज्या बाई आल्या त्यांनी वर्षभरात तिथे गणिताचा जादा तास घातला. बाई चांगल्या होत्या, पालकांनाही तेच हवं होतं. पण तुम्ही खुर्ची सोडता तेव्हा नुसती तुमची नोकरी जात नाही, तुम्ही बसवलेली घडीही दुसऱ्याच्या हाती जाते. ओ'कॉनरबाईंच्या जागी धाकट्या बुश यांनी नेमले सॅम्युएल अलिटो. गर्भपाताच्या हक्काचा गाभा १९९२ मध्ये ज्या तिघांनी मिळून राखला त्यांत ओ'कॉनर होत्या. तो हक्क मोडणारा २४ जून २०२२ चा निकाल लिहिला अलिटो यांनी. म्हणजे तिच्याच खुर्चीत बसून.

मागे एकदा लेकीने मला विचारलं होतं, "आई, तुला झालं असतं तर बाबांनी बँक सोडली असती का?" मी म्हटलं, मीच सोडू दिली नसती. "तेच विचारतेय," ती म्हणाली. सात वर्षं यांची सेवा केली त्यातला एक दिवसही मला परत नको आहे, किंवा सगळेच हवे आहेत, काय ते नीट सांगता येत नाही. लेकीला मी पुढे काही उत्तर दिलं नाही.

गिन्सबर्गबाईंनी याच्या बरोबर उलट केलं. त्यांचे यजमान २७ जून २०१० ला गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्या कोर्टात येऊन बसल्या आणि आपण लिहिलेला निकाल त्यांनी सांगितला. २०१३ मध्ये त्या ऐंशीच्या, कॅन्सरची दोन दुखणी काढलेल्या. राष्ट्राध्यक्ष ओबामा, सिनेटही त्यांच्या पक्षाची. जाणत्यांनी आडून आडून सुचवलं, की आता उठावं. त्या उठल्या नाहीत. मग २०१६ आलं. त्या फेब्रुवारीत दुसरे एक न्यायाधीश स्कालिया वारले तेव्हा ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव सुचवलं, पण विरोधकांच्या ताब्यातल्या सिनेटने त्यांना साधं मुलाखतीलाही बोलावलं नाही. कारण दिलं की निवडणुकीचं वर्ष आहे. गिन्सबर्ग १८ सप्टेंबर २०२० ला गेल्या, तेही निवडणुकीचंच वर्ष. त्याच पक्षाच्या सिनेटने एमी कोनी बॅरेट यांना २६ ऑक्टोबरला, मतदानाला आठ दिवस राहिले असताना, ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केलं. २०२२ मध्ये जुना निकाल रद्दच करायच्या बाजूने पाच मतं पडली. पाचातलं एक बॅरेट यांचं.

नातीचा राग इथून येतो. ती सोळा वर्षांची आहे, तिच्या लेखी हा इतिहास नाही. मी तिला फोन करून म्हटलं, बाळा, ओ'कॉनर वेळेवर, घरासाठी उठली, तरी तिची जागा जायची तिथेच गेली. गिन्सबर्ग उठली नाही, तिचीही गेली. मग चुकलं ते बाईचं, की अख्ख्या देशाचा कायदा एका म्हातारीच्या रक्ततपासणीवर टांगून ठेवणाऱ्यांचं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण आजी, तिला रूल माहीत होता ना?" हे तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. दुसऱ्या बाजूने, यजमान गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर येणाऱ्या बाईला घरी बस म्हणायची माझी जीभ काही वळत नाही. आम्ही दोघींनी तो विषय तिथे ठेवला आहे.

मग तिने आपणहून सांगितलं की शाळेत ती नागरिकशास्त्राचे संगणकावरचे खेळ खेळायची, ते ओ'कॉनरबाईंनीच सुरू केलेले. खरंच आहे ते. निवृत्तीनंतर २००९ मध्ये बाईंनी मुलांना राज्यघटना शिकवण्यासाठी तो उद्योग काढला, पुढे त्याचं नाव 'आयसिविक्स' झालं. त्याच साली त्यांचे यजमान गेले. २०१८ मध्ये बाईंनी पत्र लिहून जाहीर केलं की आता मलाही स्मृतिभ्रंश सुरू झाला आहे, आणि सार्वजनिक कामातून त्या बाजूला झाल्या. १ डिसेंबर २०२३ ला गेल्या.

आणखी एक माणूस राहिला. डेव्हिड सूटर. थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये नेमलेले, अविवाहित, न्यू हॅम्पशरच्या खेड्यातले. नेमणाऱ्या पक्षाच्या अपेक्षा त्यांनी काही पुऱ्या केल्या नाहीत, १९९२ च्या त्या तिघांत तेही होते. राजधानीत त्यांचं मन कधी रमलं नाही. २००९ मध्ये ओबामा आले त्याच वर्षी, वय ६९, प्रकृती ठणठणीत असताना ते उठले आणि गावी परतले. तिथे त्यांचं पिढीजात लाकडी घर होतं, पण हजारो पुस्तकांचं ओझं त्या घराला पेलवेना. म्हणून पुस्तकांसाठी त्यांनी जवळच दुसरं घर घेतलं.